माळवदाचं जुनं घर आणि गोठा हिवाळ्यात दुरुस्त करताय? आधी छतावरच्या मातीचं वजन मोजा

दिवाळी सरली, पाऊस उघडला की मराठवाड्यातल्या घराघरांत एक विषय निघतोच. यंदा घराचं काम काढायचं का?

परभणी जिल्ह्यातलं पाथरीही त्याला अपवाद नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीचं होतं, असं इतिहासकार फरिश्ताने लिहून ठेवलं आहे. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद पेटला तेव्हा पाथरीचं नाव देशभर गाजलं. पण या जुन्या गावाची आणि आसपासच्या खेड्यांची रोजची अडचण वेगळीच आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि वर मातीचं छत असलेली घरं, आणि त्यांना लागून असलेले गोठे.

सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ या दोन्ही वर्षी मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा पावसात मातीचं छत दिवसेंदिवस पाणी पीत राहतं. कुठे भिंत फुगते, कुठे तुळई वाकते.

मग दुरुस्ती ठरते आणि पहिला खर्च होतो तो फरशी, रंग आणि बाहेरच्या गिलाव्यावर. घर दिसायला नवं होतं. पण जीव ज्यावर अवलंबून आहे ते छताचं वजन आणि भिंतीची पकड तशीच राहते. म्हणून हाती पैसा मोजका असेल तर तो आधी कुठे लावायचा, हे समजून घेऊ.

माळवद म्हणजे नेमकं काय?

मराठवाड्यात मातीच्या सपाट छताला माळवद म्हणतात, काही ठिकाणी धाबं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या छोट्या ढलप्या, म्हणजे किलचण, अशी ही रचना असते. त्यावर पाला अंथरतात आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. म्हणूनच जुनी माणसं घराचं माप खोल्यांत न सांगता ‘पाच खणांचं घर’ असं सांगतात.

आपल्याकडच्या हवेला हे छत चांगलं जुळतं. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला तरी आत गारवा राहतो, आणि थंडीत आतली ऊब टिकते. मातीचा जाड थर उष्णता सावकाश आत घेतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे हे घडतं.

मग धोका कुठे आहे?

धोका आहे दरवर्षी पडणाऱ्या नव्या थरात. माळवद गळायला लागलं की पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची, ही जुनी पद्धत आहे. जुनी माती मात्र कोणी काढत नाही. दोन-तीन पिढ्यांत हा थर वाढत जातो आणि काही घरांत दोन फुटांवर पोहोचतो.

त्याचं वजन किती होतं, ते पाहा. दाबून बसलेल्या कोरड्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो असतं. १० बाय १० फुटांच्या खोलीवर ६० सेंटिमीटर माती असेल तर एकूण भार सुमारे ९ टन होतो. ती भिजली की आणखी वाढतो.

हाच थर २० सेंटिमीटरवर आणला तर भार ३ टनांवर येतो. म्हणजे एका खोलीवरून ६ टन वजन उतरतं, आणि त्यासाठी एकही महागडी वस्तू विकत आणावी लागत नाही.

किल्लारीने काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. सुमारे आठ हजार माणसं दगावली, काही अंदाजांनुसार हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. बहुतेक जण झोपेत होते आणि मातीत बांधलेल्या दगडी भिंती व जड माळवदांखाली सापडले.

पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली. जिथे छताचा भार लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता, तिथल्या अनेक घरांत भिंती ढासळल्या तरी सांगाडा उभा राहिला. छत थेट दगडी भिंतींवर टेकलेलं होतं, तिथे भिंतीबरोबर छतही खाली आलं.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. त्यात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. शिवाय लाखाहून जास्त घरं न पाडता जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करण्यात आली. माळवदाची माती कमी करणं आणि भिंतींचे थर एकमेकांना जोडणं, ही त्यातली महत्त्वाची कामं होती.

परभणीकरांसाठी हा केवळ इतिहास नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी शेजारच्या हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. १० जुलै २०२४ ला तिथेच पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. दोन्ही वेळी परभणी जिल्ह्यातही जमीन हलल्याचं जाणवलं. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्याचाच भाग होता.

भिंतीला ‘पोट’ का येतं?

बाहेरून दोन-अडीच फूट जाडीची दिसणारी दगडी भिंत आतून एकसंध नसते. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा आणि मध्ये दगडाच्या कपच्या व मातीची भर असते.

दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड कमी असतील तर गडबड सुरू होते. मधल्या भरीत पाणी मुरतं, माती खाली बसते आणि बाहेरचा थर हळूहळू पुढे ढकलला जातो. यालाच भिंतीला पोट येणं म्हणतात. अशा भिंतीवर गिलावा केला तर पोट दिसेनासं होतं, भिंत मात्र तशीच सुटलेली राहते.

अशा दगडी बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ आहे. त्यानुसार नवी भिंत बांधताना उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरला एक आरपार दगड हवा.

जुन्या भिंतीत तो नंतरही बसवता येतो. घणाचे घाव न घालता, पहारीने हळूहळू मोजके दगड सैल करून भिंतीत आरपार भोक पाडतात. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवतात आणि काँक्रीट भरतात. एका वेळी शेजारशेजारची भोकं पाडायची नाहीत. भिंत फार फुगली असेल तर ही युक्ती चालत नाही. तेवढा भाग छताला टेकू देऊन उतरवावा आणि नव्याने बांधावा लागतो.

हिवाळ्यातच काम का काढायचं?

पहिलं कारण पाऊस. परभणीत वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. ऑक्टोबरच्या शेवटी आकाश मोकळं झालं की छत उघडं ठेवता येतं. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपिटीची भीती असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. म्हणजे हाती नोव्हेंबर ते जानेवारी असे जेमतेम तीन महिने उरतात.

दुसरं कारण माती. मातीचा गिलावा आणि चुन्याचं काम सावकाश वाळावं लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते पटकन वाळतं आणि तडकतं.

सिमेंटच्या बाबतीत मात्र थंडीत थोडी काळजी घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचं किमान तापमान १० अंशांखाली जातं आणि सिमेंट पकडायला जास्त वेळ घेतं. त्यामुळे काँक्रीट सकाळी उरकावं, रात्री पोत्यांनी झाकावं आणि टेकू काढायची घाई करू नये. किमान सात दिवस पाणी मारावंच लागतं. राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा दिवस.

मजुरांची अडचण याच काळात येते. ऊसतोडीला गेलेली माणसं मार्चच्या आसपास परततात. कापूस वेचणी आणि तुरीची काढणीही तेव्हाच चालू असते. त्यामुळे गवंडी आणि सुतार दिवाळीआधीच बोलून ठेवलेले बरे.

कोणत्या महिन्यात काय करायचं?

- ऑक्टोबर: ओल कुठे आहे, तुळई कुठे वाकली, भिंत कुठे फुगली याचे फोटो काढा. पावसाच्या खुणा ताज्या असतात, त्यामुळे गळती नेमकी सापडते. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिनाभरात भेग खुणेच्या पुढे गेली तर भिंत अजून हलते आहे.
- नोव्हेंबर: आधी टेकू द्या, मगच माती उतरवा. ती सगळीकडून सारखी काढा. एका कडेला ढीग केला तर तिथली कडी मोडू शकते. मजुरांनी फळीवर उभं राहूनच काम करावं. किलचणीत विंचू-साप असतात, हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा.
- डिसेंबर: लाकूड तपासा आणि भिंतीची जोडणी करा. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, म्हणून तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड आतून गेलेलं आहे. खांब आणि तुळईच्या कोनात तिरका लाकडी किंवा लोखंडी आधार दिला की सांगाडा डुलत नाही.
- जानेवारी: छत पूर्ण करा. पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळी भिंतीपासून लांब काढा.
- फेब्रुवारी: गिलावा, जमीन, शेवटी रंग.

काही जुन्या वाड्यांत धान्याचं पेव किंवा बळद असतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात प्राणवायू कमी असू शकतो. ते उघडून बराच वेळ हवा लागू द्या. एकट्याने, चाचणी न करता आत उतरू नका.

छतासाठी कोणते पर्याय आहेत?

माळवदच ठेवायचं असेल तर माती २० सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि थराखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. पाणी अडवण्याचं काम कागद करतो, त्यामुळे दरवर्षी नवी माती चढवावी लागत नाही. घर थंड राहतं आणि जुनं लाकूडही कामी येतं.

पत्रे हलके आणि स्वस्त पडतात, पण उन्हाळ्यात घर तापतं. पत्र्यावर दगड ठेवून भागवू नका. वादळात आधी पत्रा उडतो आणि मग दगड खाली येतो. पत्रा हुक-बोल्टने पाइपाला आणि पाइप भिंतीत खोलवर पक्का हवा.

स्लॅबची इच्छा बहुतेकांना असते. १२ सेंटिमीटरच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो, म्हणजे २० सेंटिमीटर मातीइतकंच. तरीही सुटलेल्या, मातीत बांधलेल्या भिंतींवर थेट स्लॅब टाकणं धोक्याचं आहे. भूकंपात भिंत हलली तर अख्खा स्लॅब एकदम खाली येतो. स्लॅब हवा असेल तर त्याला स्वतंत्र खांब आणि पाया लागतो. ते नवं बांधकामच झालं, त्यामुळे अभियंत्याचा आराखडा घ्या.

भिंतीला सिमेंटचा गिलावा का नको?

मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. बाहेरून सिमेंटचा कडक थर दिला की जमिनीतून चढलेली ओल आत अडकते. दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यामागची माती भुसभुशीत झालेली दिसते.

माती, भुसा आणि शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा अशा भिंतीला जास्त मानवतो. बाहेरच्या पावसाळी बाजूसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने डांबर मिसळलेल्या मातीच्या गिलाव्याची पद्धत विकसित केली आहे. तो पावसाने सहजी धुपत नाही.

पाया काळ्या मातीत असेल तर भिंतीलगत पाणी साचू देऊ नका. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून त्याच त्याच जागी भेगा पडतात. आपल्या पूर्वजांनी शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हटलं, त्यामागे मातीची ही ओळखही आहे. न्हाणीचं आणि छताचं पाणी नालीने लांब सोडलं तरी अर्धं दुखणं कमी होतं.

गोठ्याचं काय?

गोठा शेवटी करू, असं बहुतेक घरांत ठरतं. पण घराला लागून असलेल्या गोठ्याची भिंत बऱ्याचदा घराचीच भिंत असते. गोठ्यातली मूत्राची ओल त्याच भिंतीच्या पायात मुरते. म्हणून आधी गोठ्याची नाली करा. घराची भिंत त्यानंतर.

काम चालू असताना जनावरं माळवदाखाली बांधू नका. मोकळ्या जागेत तात्पुरतं छप्पर करा आणि ज्या बाजूने गार वारा येतो तिथे ताडपत्री किंवा पोत्यांचा आडोसा द्या. वासरांखाली कोरड्या भुसकटाचा थर हवा. थंडीचा त्रास सगळ्यात आधी त्यांना होतो.

नवा गोठा किती मोठा असावा, याचा अंदाज शासनाच्या नमुन्यावरून येतो. ‘शरद पवार ग्रामसमृद्धी योजने’च्या फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात दोन ते सहा जनावरांसाठी ७.७ बाय ३.५ मीटरचा गोठा धरला आहे. त्यात गव्हाण, २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं आणि २०० लिटरची पाण्याची टाकी आहे. खर्च ७७,१८८ रुपये धरला होता. ही योजना रोजगार हमीच्या कामांशी जोडलेली आहे, त्यामुळे सध्याचे नियम आणि रक्कम पंचायत समितीत विचारून घ्या.

गोठ्याची जमीन गुळगुळीत नको, जनावर घसरतं. नालीकडे हलका उतार ठेवा. भिंती छतापर्यंत बंद न करता वर मोकळी जागा सोडा, म्हणजे वाफ आणि वास बाहेर जातो.

ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये घरी येतो. तो माळवदावर रचू नका, हलक्या केलेल्या छतावर पुन्हा भार चढतो. गंज चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब रचा.

पडल्यावर मदत किती मिळते?

नैसर्गिक आपत्तीसाठी केंद्राने २०२२ ते २०२६ या काळाकरता ठरवलेले निकष असे आहेत. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. घराला जोडलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये. दुधाळ मोठं जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये. राज्य सरकार कधीकधी वाढीव मदत जाहीर करतं.

या रकमेत पडलेली भिंत उभी राहत नाही. तरीही हक्क सोडू नका. पडझड झाली तर ढिगारा उचलण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.

काम सुरू करण्याआधी कागद कोणते?

गावात घराचा नमुना आठ आणि पाथरीसारख्या शहरात नगरपरिषदेची मालमत्ता कराची नोंद कुणाच्या नावावर आहे, ते पाहा. भिंती, खांब किंवा मजला बदलणार असाल तर परवानगी लागते का, तेही तिथेच विचारा.

बऱ्याच वाड्यांची भावाभावांत वाटणी झालेली असते. कागदावर वाटणी झाली तरी तुळई दोन्ही हिश्शांतून सलग जाते. एकाने आपला भाग पाडला आणि तुळई कापली, तर दुसऱ्याचं छत उघडं पडतं. म्हणून सामायिक भिंत आणि तुळयांबद्दल आधी लेखी संमती घ्या. खर्च वाटून दोन्ही भागांचं छत एकाच हिवाळ्यात हलकं केलं तर सगळ्यात उत्तम.

खोदताना जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

घर ठेवायचं की पाडायचं?

खांब-तुळया शाबूत असतील, भिंती ओळंब्यात असतील आणि भेगा वाढत नसतील, तर घर दुरुस्त होऊ शकतं. बहुतेक तुळयांची टोकं कुजली असतील, कोपरे उघडले असतील किंवा भिंत बाहेर झुकली असेल, तर तिथे राहणं लगेच थांबवा आणि अभियंत्याला दाखवा. सागवान, घडीव दगड आणि जुने दरवाजे उतरवून नव्या बांधकामात वापरता येतात.

आणि या हिवाळ्यात सगळंच जमणार नसेल, तर निदान दोन कामं करा. ज्या खोलीत घरची माणसं झोपतात, तिच्या छतावरची जादा माती उतरवा. आणि त्या खोलीच्या ज्या भिंतीला पोट आलं आहे, तिच्या कडेच्या खाटा आजच हलवा.